चोवीस ऑगस्टची फाइल

घोड्यांच्या शर्यतींचे हँडिकॅपिंग करणाऱ्या, म्हणजे प्रत्येक घोड्याच्या मागील धावांवरून पुढच्या शर्यतीचा अंदाज बांधणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या माहितीसाठ्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. अमेरिकेतल्या ट्रॅकवरील शर्यतींच्या फाइली उतरवून घेणे, त्यांना निकाल जोडणे आणि जुन्या फाइली जपून ठेवणे हे माझे काम. त्या दिवशी एक नवी गुणांकन पद्धत जुन्या शर्यतींवर तपासली जात होती. न्यूयॉर्क राज्यातल्या सॅराटोगा या ट्रॅकच्या उन्हाळी हंगामाचा अहवाल आला, तेव्हा त्यात जिंकलेले घोडे बेताचेच होते, पण पैजांवर मिळणारे परतावे इतके मोठे होते की ज्यांनी ती पद्धत बसवली ते आमचे ज्येष्ठ सहकारी स्वतःच साशंक झाले. "हे आकडे मला पटत नाहीत. तुम्ही एकेक दिवस काढून बघा," एवढेच ते म्हणाले.

मी २०१९ पासून सुरुवात केली आणि २४ ऑगस्टपाशी थांबले. त्या दिवशीच्या घोड्यांच्या यादीत थॉर्पीडो ॲना हे नाव होते. ही घोडी २०२१ साली जन्मली. २०२४ मध्ये तीन वर्षांची असताना तिने केंटकी ओक्स ही घोड्यांमधल्या माद्यांची मोठी शर्यत जिंकली, सॅराटोगाच्या ट्रॅव्हर्स स्टेक्स या शर्यतीत नरांच्या बरोबरीने धावून ती फिअर्सनेस या घोड्याच्या मागे अगदी थोडक्यात दुसरी आली आणि त्या वर्षीचा 'हॉर्स ऑफ द इयर' हा मान तिला मिळाला. २०१९ ची ट्रॅव्हर्स कोड ऑफ ऑनर या घोड्याने जिंकली होती, तेव्हा या घोडीचा जन्मही झालेला नव्हता. असे असताना आमचा अहवाल तिला २०१९ च्या ट्रॅकवर उतरवत होता.

फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. नाव होते एसएआर०८२४. पहिल्या ओळीत पहिल्या स्वल्पविरामाआधी ट्रॅकचे सांकेतिक नाव, त्यानंतर तारीख: २०२४०८२४. मी ती तारीख दोनदा वाचली आणि मग मला आठवले, की दोन महिन्यांपूर्वी याच फाइलींची आवराआवर मीच केली होती.

या फाइलींच्या नावांची रीत जुनी आहे. डॉस या जुन्या संगणक प्रणालीच्या काळात फाइलच्या नावाला आठ अक्षरे आणि पुढे तीन अक्षरांचा विस्तार एवढीच जागा मिळत असे. ट्रॅकची तीन अक्षरे, महिन्याचे दोन आकडे, दिवसाचे दोन आकडे. इतक्यात सात जागा भरतात आणि वर्षाला जागा उरत नाही. रोज फाइल उतरवून घ्यायची, शर्यती पाहायच्या आणि संध्याकाळी ती विसरून जायची, असे ज्याचे काम आहे त्याचे यात काही अडत नाही. आमच्याकडे मात्र वर्षावर्षांचा साठा होता. तो वर्षानुसार वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवलेला होता आणि चाचणीच्या प्रोग्रामला प्रत्येक वेळी नवा मार्ग सांगावा लागत असे. ती कटकट संपावी म्हणून मी सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये हलवल्या. त्याच नावाची फाइल आधीपासून आहे, तिच्या जागी ही ठेवायची का, असे संगणकाने विचारले. नाव एक म्हणजे फाइलही एकच, दुबार प्रत असणार, असे समजून मी सर्वांसाठी एकदाच होकार दिला.

चूक इतके दिवस लक्षात न येण्याचे कारण दिनदर्शिकेत होते. २०१९ पासून सॅराटोगाला मुख्यतः बुधवार ते रविवार शर्यती होतात. २४ ऑगस्टला २०१९ मध्ये शनिवार होता, २०२० मध्ये सोमवार आणि २०२१ मध्ये मंगळवार, म्हणजे ही दोन वर्षे त्या तारखेला शर्यती नव्हत्या. २०२२ मध्ये बुधवार आला, २०२३ मध्ये गुरुवार, आणि लीप वर्षामुळे एक वार ओलांडून २०२४ मध्ये पुन्हा शनिवार. म्हणून काही तारखांच्या फाइली तीन-तीनदा पुसल्या गेल्या होत्या, तर काहींना धक्काही लागला नव्हता. फोल्डर भरलेले दिसत होते आणि प्रोग्राम कुठेही अडत नव्हता. निकाल मात्र वेगळ्या ठिकाणी, वर्षासकट शाबूत होते. प्रोग्राम २०१९ च्या निकालासाठी एसएआर०८२४ मागायचा, त्याला २०२४ चे घोडे मिळायचे आणि शर्यतीचा क्रमांक व घोड्याचा क्रमांक जुळला की तो जोडणी पूर्ण झाली असे मानायचा. पद्धतीने निवडलेल्या चांगल्या घोड्याच्या नावावर भलत्याच वर्षीच्या, कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या विजेत्याचा परतावा जमा होत होता. अहवालातल्या त्या मोठ्या आकड्यांचा उगम हा होता.

सहकाऱ्यांना मी लगेच सांगितले. ते रागावले नाहीत. "मूळ झिप कुठे आहेत?" असे त्यांनी विचारले. तोच योग्य प्रश्न होता. उतरवून घेतलेल्या मूळ झिप फाइली एका जुन्या हार्ड डिस्कवर होत्या आणि सुदैवाने प्रत्येक झिपच्या आत मूळ तारीख टिकून होती. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती फाइलच्या नावावर मुळीच विश्वास ठेवत नाही. ती प्रत्येक फाइल उघडते, आतली तारीख वाचते आणि नाव नव्याने देते, ज्यात आधी वर्ष, मग महिना, दिवस आणि शेवटी ट्रॅक येतो. त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर दोन्हींचे चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे, ताडून पाहते आणि ते जुळले नाहीत तर दोन्ही ठेवते.

त्या 'दोन्ही ठेवते' मुळे आणखी एक गोष्ट उजेडात आली. काही दिवसांच्या खरोखरच दोन-दोन फाइली निघाल्या: एक सकाळची आणि एक काही घोड्यांनी माघार घेतल्यानंतरची. मला दोन्ही अमूल्य वाटतात. शर्यतीआधी आपल्याला नेमके काय माहीत होते, याचा एकमेव पुरावा ती अस्पर्शित फाइल असते. नंतर कळलेली माहिती तिच्यात मिसळली, तर जुन्या शर्यतींवरची चाचणी निकाल आधी पाहून अंदाज बांधल्यासारखी होते. मूळ फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून तिथेच जतन करायलाही माझा विरोध याच कारणासाठी आहे, कारण स्प्रेडशीट ५-२ असा पैजेचा भाव तारीख समजून बदलून टाकते आणि जुन्या एक्सेलमध्ये २५६ स्तंभांपलीकडचे काहीच मावत नसे. आता मूळ फाइली फक्त वाचता येतील अशा ठेवल्या आहेत, काम त्यांच्या प्रतींवर होते, आणि मागितलेली तारीख फाइलमधल्या तारखेशी जुळली नाही तर प्रोग्राम तिथेच थांबतो.

संध्याकाळी २०१९ ची फाइल पुन्हा जागेवर आली. कोड ऑफ ऑनरची ओळ शोधली. अंतराच्या रकान्यात २२०० यार्ड होते, म्हणजे दहा फर्लांग, ट्रॅव्हर्सचे अंतर. चाचणी पुन्हा चालवली तेव्हा मोठे परतावे नाहीसे झाले आणि पद्धत जेमतेम बरोबरीत आली. तोच अहवाल आम्ही पुढे पाठवला.

२०२२ च्या हंगामाचे काही दिवस मात्र मिळाले नाहीत. त्यांच्या झिप त्या डिस्कवर नव्हत्या. नोंदवहीत त्या तारखा मी गाळल्या नाहीत. २४ ऑगस्ट २०२२ पुढे 'मूळ फाइल उपलब्ध नाही' असे लिहिले, आवराआवर केली त्या दिवसाची तारीख घातली आणि खाली माझे नाव लिहिले.