एका रकान्यातला बॅलन्स

गेल्या पावसाळ्यात एका मोबाइल ॲपचे मराठीकरण करण्याचे काम माझ्याकडे आले होते. या कामाची रीत अशी, की डावीकडच्या रकान्यात इंग्रजी शब्द दिलेले असतात, उजवीकडचा रकाना रिकामा असतो, आणि तो शब्द पडद्यावर कोठे आणि कशाच्या शेजारी उमटणार आहे, याचा सहसा पत्ता नसतो. त्या यादीत ‘बॅलन्स’ हा शब्द एका ओळीत एकटाच होता. वरच्या ओळींत वर्गणी, पावती, व्यवहार असे शब्द आल्यामुळे मी फारसा विचार न करता ‘शिल्लक’ लिहून पुढे गेलो. तीन आठवड्यांनी ॲप प्रत्यक्ष पाहायला मिळाले, तेव्हा कळले की ते व्यायामाचे आहे, आणि एका पायावर उभ्या असलेल्या बाईच्या चित्राखाली ठळक अक्षरांत ‘शिल्लक : ३० सेकंद’ असे उमटले आहे. तिच्या चेहऱ्याकडे पाहता ते अगदीच खोटे वाटत नव्हते, पण चूक ती चूकच.

ती दुरुस्त करताना मनात आले, की इंग्रजीला हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे कोंबता आले असतील? एका पायावर पडू न देता उभे राहणे आणि खात्यात उरलेले पैसे, यांचा एकमेकांशी काय संबंध? मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘दोन पारड्यांचा’, म्हणजे तराजूच. इटालियन भाषेत तर आजही तराजूला ‘बिलांचा’ आणि ताळेबंदाला ‘बिलांचो’ म्हणतात, म्हणजे वाण्याचा काटा आणि त्याची वही यांच्यात तेथे एका स्वराचेच अंतर आहे. मराठीने मात्र तोलाला एका घरी ठेवले आणि शिलकीला दुसऱ्या घरी. या दोघांची गाठ कोठे पडते, हे मला माझ्या वडिलांच्या दुकानात फार पूर्वी दिसलेले होते. फक्त ते दिसले आहे, हे तेव्हा कळले नव्हते.

आधी तोलाविषयी. या शब्दाच्या क्रियापदांकडे पाहिले तर एक गंमत लक्षात येते. तोल जातो, सुटतो, ढळतो. मग तो सावरावा लागतो, सांभाळावा लागतो. ‘मला तोल आहे’ किंवा ‘मला तोल आला’ असे कोणी म्हणत नाही. जोवर तो जागेवर असतो तोवर त्याचे नाव घेण्याचे कारणच पडत नाही, आणि पाय घसरला की मगच त्याची आठवण होते. बोलताना एखाद्याचा तोल सुटला, तर दुसऱ्या दिवशी त्याची क्षमा मागता येते. ‘मानसिक संतुलन बिघडले’ असे म्हटले, की मात्र प्रकरण डॉक्टरांकडे जाते. तोल आणि संतुलन एकाच धातूपासून आले असले, तरी एक घरात बोलायचा शब्द आहे आणि दुसरा अहवालात लिहायचा, आणि या दोहोंची अदलाबदल केली की वाक्य लगेच कुरकुरू लागते.

आमचे दुकान तालुक्याच्या गावी होते, किराणा मालाचे. अण्णा सकाळी शटर उघडून उदबत्ती लावली, की रिकामा तराजू हातात धरून उंच करीत आणि दांडीकडे पाहत. एक पारडे किंचित खाली राहत असे. दुसऱ्या बाजूच्या दांडीला तारेने एक शिशाचा तुकडा बांधलेला होता, तो पुढेमागे सरकवून ते काटा मधोमध आणीत. त्या तुकड्याला पासंग म्हणतात. ‘तो याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण सर्रास म्हणतो, पण ज्याने पासंग पाहिलेला नाही त्याला त्यातला अपमान पुरता कळत नाही. त्या माणसाला दुसऱ्याच्या समोरच्या पारड्यात बसवणे तर दूरच राहिले, रिकाम्या तराजूचा दोष झाकण्याइतकेही वजन त्याला नाही, असा तो टोला आहे.

याच तराजूने मला आणखी एक गोष्ट शिकवली, जी वर्तमानपत्रांच्या भाषेशी मुळीच जुळत नाही. ‘झुकते माप’ हा शब्द आज पक्षपातासाठी वापरला जातो: अमक्या जिल्ह्याला झुकते माप दिले, तमक्या खेळाडूला झुकते माप मिळाले. दुकानात मात्र झुकते माप ही प्रतिष्ठेची बाब होती. काटा बरोबर मध्यावर आला, तरी अण्णा साखरेची आणखी एक चिमूट टाकत आणि मालाचे पारडे खाली गेल्याचे गिऱ्हाइकाने पाहिल्यावरच पुडी बांधत. काटा मध्यावर येताच हात आखडणारा दुकानदार कायद्याने चोख असला, तरी गावात त्याला चिक्कूच म्हणत. समतोल म्हणजे न्याय, हे समीकरण न्यायालयात ठीक आहे, बाजारात नाही. आणि काटा मारणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको; त्याबद्दल ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला विचारावे.

सोनाराकडचा काटा याहून नाजूक. ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम; आताचे पेढीवाले १० ग्रॅमलाच तोळा म्हणून मोकळे होतात. एखाद्या आजाऱ्याची प्रकृती ‘तोळामासा’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा याच काट्याची हालचाल डोळ्यांसमोर असते. तुलना, अतुल, तूळ रास, तुलादान ही सगळी तराजूचीच प्रजा आहे. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना होणाऱ्या पेढेतुला आणि गूळतुला याही त्यातच येतात, आणि एवढ्या गोडव्याने नक्की कोणते पारडे जड होते, हे निवडणुकीपर्यंत कळत नाही.

आता शिलकीकडे येतो. रात्री दुकान बंद झाले, की अण्णा रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहायला बसत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. समजा, सकाळची श्रीशिल्लक, म्हणजे गल्ल्यात आधीची उरलेली रोकड, ४१२ रुपये आणि दिवसभराची विक्री १,८६० रुपये. डावी बाजू झाली २,२७२ रुपये. दिवसाचा खर्च १,५४० रुपये, तो उजवीकडे. उजवी बाजू हलकी. गल्ल्यातली रोकड मोजून ७३२ रुपये निघाले, की ती रक्कम अण्णा ‘अखेर श्रीशिल्लक’ म्हणून उजव्या, हलक्या बाजूला लिहीत, आणि मग दोन्हीकडे २,२७२ येऊन मेळ बसे. नाही बसला, तर जेवण थांबे. आईने दोनदा हाक मारलेली असे आणि ते मात्र सात रुपयांचा पाठलाग करीत बसलेले असत.

उरलेले पैसे खर्चाच्या बाजूला का लिहायचे, हे मला लहानपणी कधीच पटले नाही. पैसे आहेत, गेलेले नाहीत, मग ते नावे कसे? त्या व्यायामाच्या ॲपने फजिती केल्यानंतर ते एकदम उलगडले. शिल्लक ही त्या वहीतली पासंग आहे. हलक्या पारड्यात जेवढे घातले म्हणजे दांडी सरळ होते, तेवढा आकडा म्हणजे शिल्लक. पैसे उरले म्हणून तिला ते नाव मिळाले हे खरेच, पण वहीत तिचे काम तोल साधण्याचे असते. इंग्रजी शब्द एका अर्थावरून दुसऱ्या अर्थावर गेला तो याच फळीवरून, आणि मराठीतही ती फळी होती. आपण फक्त तिच्या दोन टोकांना वेगवेगळी नावे दिली.

एकदा हे दिसले, की इतर ठिकाणीही दिसू लागते. महाराष्ट्रातील ‘प्रादेशिक असमतोल’ मोजण्यासाठी १९८३ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि १९८४ च्या तिच्या अहवालानंतर ‘अनुशेष’ हा शब्द विदर्भ आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक सभेत ऐकू येऊ लागला. अनुशेष म्हणजे शेष, म्हणजे बाकी. सिंचन, रस्ते, शाळा, दवाखाने यांत जे पारडे वर राहिले, ते राज्याच्या सरासरीपर्यंत खाली आणायला किती रुपये घालावे लागतील, त्याचा तो आकडा: ३,१८६ कोटींहून थोडा अधिक. सभेतल्या वक्त्याच्या तोंडी तो थकबाकीसारखा येतो, आणि ते स्वाभाविकच आहे, पण मोजणी तराजूचीच आहे.

बाकी, ‘बॅलन्स’ हा शब्द मराठीने आता पोटात घेतला आहे, त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. कोपऱ्यावरच्या टपरीत ‘पन्नासचा बॅलन्स टाका’ असे म्हणणाऱ्याला तेथे शिल्लक टाकायला सांगता येणार नाही; शिल्लक टाकता येत नाही, ती उरावी लागते. ‘अरे, माझा बॅलन्स गेला’ असे कोणी म्हटले, तर तो दुचाकीवरून पडला की फोनवर बोलता बोलता पैसे संपले, हे पुढचे वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही.

ॲपच्या लोकांना मी सविस्तर पत्र लिहिले, की ही ओळ फोडून दोन करा. वर्गणीच्या पडद्यावर ‘शिल्लक’ आणि व्यायामाच्या पडद्यावर ‘तोल सांभाळा’ असे द्या. उत्तर आले की ओळ फोडता येणार नाही, सर्व ठिकाणी ‘बॅलन्स’च ठेवा, आणि सोबत त्या शब्दाच्या सगळ्या जागांची यादी जोडली होती. त्यात एक तिसरी जागा निघाली. व्यायामाच्या संगीताचा आवाज डाव्या कानात किती आणि उजव्या कानात किती, हे ठरवायच्या सरकपट्टीखालीही तोच शब्द होता, आणि पहिल्या फेरीत तेथेही मीच ‘शिल्लक’ लिहून ठेवले होते.