रदाँचा सायक्लॉप्स, आठवडा चौथा: डोळा पुन्हा पुसला

काल रात्री डोळा तिसऱ्यांदा पुसून काढला. टर्पेंटाइनचा बोळा फिरवताना जीव तुटत होता, पण ठेवण्यासारखा तो नव्हताच.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: फ्रेंच चित्रकार ओदिलाँ रदाँच्या ‘सायक्लॉप्स’ची, म्हणजे ग्रीक पुराणातल्या एकडोळ्या राक्षसाच्या चित्राची, प्रतिकृती करतेय. मूळ चित्र सुमारे १९१४ चं, नेदरलँड्समधल्या क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे. माप जेमतेम ६६ बाय ५३ सेंटिमीटर, म्हणून मीही तेवढंच घेतलंय. रदाँने ते पुठ्ठ्यावर तैलरंगात केलं. माझी सुरुवात तयार कॅनव्हासवर झाली होती. तिथे सगळं तुकतुकीत दिसायला लागलं. आता माउंटबोर्डावर जेसोचा (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा) एकच पातळ हात दिलाय. बोर्ड तेल पिऊन घेतो आणि रंग पेस्टलसारखा कोरडा बसतो. डोंगरउतारावरची फुलं जवळजवळ कोरड्या ब्रशने टेकवत गेले, खालचा जांभळा मधूनमधून दिसू दिला. हा भाग मनासारखा जमलाय. त्या फुलांत निजलेली समुद्रकन्या गॅलेटियाही.

अडलंय ते डोंगरामागून डोकावणाऱ्या पॉलिफेमसपाशी, म्हणजे त्या सायक्लॉप्सपाशीच. ग्रीक कवी होमरकडे हा माणसं खाणारा राक्षस, ज्याचा डोळा ओडिसियस फोडतो. रोमन कवी ओव्हिडकडे तोच गॅलेटियाच्या प्रेमात पडून दाताळ्याने केस विंचरतो, विळ्याने दाढी छाटतो, आणि शेवटी मत्सराने तिच्या प्रियकराला, एसिसला, खडकाखाली चिरडतो. रदाँच्या चित्रात ना डोळा फुटलेला, ना खडक उचललेला. कलती मान, इवलंसं तोंड आणि तो एक डोळा, बस्स. गुस्ताव्ह मोरोनेही हाच विषय रंगवून १८८० च्या सलोंमध्ये (पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात) मांडला होता, पण ते रत्नं जडवल्यासारखं गच्च चित्र बघून मला पॉलिफेमसची कणव येत नाही. इथे येते.

माझा डोळा मात्र दर वेळी वटारल्यासारखा होतो. पहिल्यांदा वाटलं, बुबुळ मोठं झालं. लहान केलं, तर आणखी भेदरट दिसला. काल फोटो उलटा धरून पाहिला तेव्हा कळलं की चूक पापणीत आहे. बुबुळाच्या वर मी पांढऱ्याची फट सोडत होते आणि त्यात टायटॅनियम व्हाइट थेट ट्यूबमधून लावलं होतं. वरची पापणी बुबुळावर थोडी उतरायला हवी, आणि पांढरा मोडायला हवा, थोडा ओकर (मातकट पिवळा), किंचित निळा घालून.

रदाँचा हात या डोळ्यावर किती वर्षं बसत आला असेल! १८८२ च्या शिलामुद्रणात (दगडावरून छापलेल्या चित्रात) त्याने डोळ्याचंच बलून करून आकाशात सोडलंय, १८८३ च्या मालिकेत हसरा सायक्लॉप्स आहे. रंगांकडे वळण्याआधीची कित्येक वर्षं त्याने कोळसा आणि शिलामुद्रणातल्या काळ्यातच काढली.

म्हणून हा आठवडा रंग बंद. करड्या कागदावर कोळशाने फक्त डोळे काढतेय, रोज पाच. आजच्या पाचांपैकी चौथ्यात पापणी पहिल्यांदा जड झाली. तो कागद ईझलला टाचून ठेवलाय.