तिसऱ्या फ्रेटवरचा जी

वादक मुरलेला, बास गिटार उत्तम, तिचा सूर ओळखून तोच सिंथेसायझरच्या आवाजात वाजवणारं सिंथ पेडल नवंकोरं. तरी परवाच्या रेकॉर्डिंगमध्ये ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा (दांडीवरच्या तिसऱ्या पट्टीवरचा) जी मधूनच एक सप्तक वर उडी मारत होता. बाकीचे सूर जागेवर. अर्ध्या तासात निर्माते म्हणाले, "की-बोर्डवर वाजवून टाकू." बास अडला की हे वाक्य येतंच, आणि मला ते पटत नाही. बोटाच्या जोराने उघडणारा फिल्टर (आवाजातले वरचे सूर गाळणारा इफेक्ट) आणि तारेवरून घसरत जाणारा सूर ही जोडी की-बोर्डवर तशी उतरत नाही.

पेडल सूर ओळखतं ते लहर मोजून. मोकळी, म्हणजे कुठेही न दाबलेली, ई तार ४१.२ हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २४ मिलिसेकंदांचं. दोन आवर्तनं मोजायची तर ४८ गेले. १२० च्या लयीत ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळ सूर शोधण्यातच जातो.

आधी ब्रिजकडचा, म्हणजे तारा जिथे बांधलेल्या असतात तिकडचा, पिकअप (तारेचा आवाज टिपणारा भाग) बंद केला, नेककडचा (दांडीजवळचा) पूर्ण उघडला, टोनची कळ जवळजवळ शून्यावर आणली. ब्रिजपाशी मूळ स्वर दुबळा आणि त्याच्या पटीतले वरचे सूर (हार्मोनिक) जोरकस येतात, आणि पेडल त्यांनाच सूर समजतं. उड्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत.

मग वादकाला तेवढा एकच सूर वाजवायला सांगून मी मोकळ्या जी तारेवर बोट टेकवलं. उडी बंद! तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा, मोकळी जी तार ९८ ची, बरोब्बर दुप्पट. ती न छेडताच झंकारत होती, आणि वाजवलेला सूर ओसरला की पेडल तिच्यामागे जात होतं. पहिल्या फ्रेटवर केसांचा जाड रबर गुंडाळला. त्यामुळे मोकळ्या तारा मुक्या होतात, म्हणून मोकळा ए आम्ही ई तारेच्या पाचव्या फ्रेटवर नेला.

उशिरावर उपाय म्हणून सगळी ओळच बारा फ्रेट वर वाजवून घेतली आणि पेडलमध्ये सिंथचा आवाज एक सप्तक खाली ठेवला. बाराव्या फ्रेटवर ई ८२.४ हर्ट्झची, आवर्तन १२ मिलिसेकंदांचं. फरक लगेच कळला.

पेडलांच्या साखळीत सगळ्यात पुढे कॉम्प्रेसर होता, कारण "सगळे तसाच लावतात". सूर ओळखायला हलका कॉम्प्रेसर चालतो, पण एन्व्हलप फिल्टर, म्हणजे बोटाच्या जोराने उघडणारा तो फिल्टर, हळू आणि जोरात यांतल्या फरकावरच चालतो. तो फरक कॉम्प्रेसर आधीच सपाट करतो. आवाज खरखरीत करणारा फझही तेच करतो. क्यू-ट्रॉन प्लससारख्या फिल्टरमध्ये यासाठीच लूप (मध्येच दुसरं पेडल जोडायची सोय) दिलेला आहे: फझ लूपमध्ये लावला की फिल्टर गाळतो फझचा आवाज, पण उघडझाप होते मूळ तारेच्या जोरावर. कॉम्प्रेसर शेवटी नेला.

पेडलच्या आधीच डीआय (बासचा आवाज थेट रेकॉर्डिंगला देणारा डबा) लावून कोरा बास वेगळ्या ट्रॅकवर घेतला होता. खालचं सप्तक सिंथकडून आलं, त्याच्यावर कोरा बास जोडला. सिंथचा ट्रॅक उशिरा येतो, तो अलीकडे ओढून पोलॅरिटी (लहरीची सुलटी-उलटी दिशा) दोन्ही बाजूंनी ऐकली. ज्या बाजूला खर्ज भरतो ती ठेवली.

एवढं जमल्यावरही एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पेडलला एका वेळी एकच सूर कळतो, म्हणून प्रत्येक सूर पुढच्याच्या आधी तोडायला मी त्याला सांगितलं. त्या पोराचं वैशिष्ट्यच मुळात एक सूर दुसऱ्यात विरघळवणं. टेक स्वच्छ आला. ऐकून त्याने विचारलं, "दादा, हे मीच वाजवलंय ना?"

सकाळच्या, न तोडलेल्या टेकचे कोरे ट्रॅक माझ्याकडे आहेत. ते रीअँप बॉक्समधून (रेकॉर्ड केलेला आवाज पुन्हा पेडलांना देणाऱ्या डब्यातून) नुसत्या फझ आणि फिल्टरला देऊन बघणार आहे. त्या दोघांना सूर ओळखावा लागत नाही, त्यामुळे एकमेकांवर चढलेले सूर त्यांना चुकवणार नाहीत. फझमधून ते थोडे खरखरतील, तेवढं चालेल.