खसखशीचे रोगाल खायला पोझनानला जाताय? मग हे वाचून जा

दिवाळीचा फराळ संपत आला की बर्लिनहून पोलंडमधलं पोझनान गाठायचं, असं मी हल्ली भेटेल त्याला सांगत सुटलेय. ट्रेनने साधारण तीन तास. ११ नोव्हेंबरला पोलंडचा स्वातंत्र्यदिन, पण पोझनानमध्ये त्याच दिवशी संत मार्टिनचा सण, आणि तिथली माणसं निघतात ती त्याच्या नावाच्या रस्त्यावरच. रोमन शिपायाच्या वेशातला मार्टिन घोड्यावरून येतो, मिरवणूक कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, जुन्या राजवाड्यापाशी जाते आणि महापौर त्याला शहराच्या किल्ल्या देतात. गर्दी म्हणजे गर्दी.

पण आपण जायचं ते रोगालसाठी. हा एक गोड, भरलेला बेकरीचा पदार्थ, दिसायला करंजीची थोरली बहीण, वर साखरेचं आयसिंग आणि दाण्यांचा चुरा, आणि आत चक्क आपली पांढरी खसखस! एरवी पोलंडात केकमध्ये काळसर-निळी वापरतात, यात मात्र पांढरीच लागते. सोबत बेदाणे, सुकामेवा, संत्र्याची पाकवलेली साल. घास घेतला की आधी पापुद्रे कोटावर सांडतात, मग ओलसर सारण लागतं, खसखस वाटलेली असल्याने दाताखाली अजिबात येत नाही, नुसता बदामाचा वास. एकेक नग १५० ते २५० ग्रॅमचा, त्यामुळे दोघांत एक घ्या, उगाच हावरटपणा नको.

गोष्ट अशी सांगतात की १८९१ साली तिथल्या चर्चच्या फादरनी गरिबांसाठी काहीतरी करा म्हटलं, आणि युझेफ मेल्झर नावाच्या बेकरीवाल्याच्या स्वप्नात मार्टिन घोड्यावरून आला, घोड्याचा नाल निखळून पडला, म्हणून नालाच्या आकाराचे रोगाल. श्रीमंतांनी विकत घ्यायचे, गरिबांना फुकट. काही जण म्हणतात आकार ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या काळात बळी द्यायच्या बैलांच्या शिंगांवरून आलाय, पण मला बाई नालच पटतो.

दुसरं खाणं गूसचं, म्हणजे मोठ्या बदकासारख्या पक्ष्याचं. मार्टिनला बिशप व्हायचं नव्हतं म्हणून तो गूस पक्ष्यांच्या खुराड्यात लपला आणि त्यांनी कलकलाट करून त्याला पकडून दिलं, त्याची शिक्षा ते बिचारे अजून भोगतायत! सोबत लाल कोबी आणि वाफवलेले पावासारखे गोळे मिळतात. शाकाहारी असाल तर उकडलेले बटाटे आणि वर कांदा घातलेलं ताजं चीज मागा, पोझनानचं रोजचं जेवण आहे आणि पोट मस्त भरतं. रोगालात अंडं असतं, हे आधीच सांगून ठेवते.

आता कामाचं. रोगाल आदल्या दिवशीच घ्या, ११ला रांगा लागतात आणि बरीचशी मोठी दुकानं बंद असतात. २००८ पासून या नावाला युरोपियन युनियनचं संरक्षण आहे, तेव्हा दुकानात सर्टिफिकेट लावलंय का बघा, नाहीतर साधा क्रोसाँ गळ्यात मारतील. युरो चालत नाहीत, झ्लोटी लागतात, पण कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. चारच्या सुमाराला अंधार पडतो, तेव्हा टोपी-हातमोजे हवेतच. आणि दुबईमार्गे भारतात जाणार असाल तर रोगाल बॅगेत अजिबात ठेवू नका, तिथे खसखशीला बंदी आहे. इथेच खाऊन टाका.