पैसे दिलेत मी

२ जून, रात्री साडेअकरा

काल आईचा वाढदिवस झाला. म्हणजे शाळेत मास्तरांनी लिहिला तो, १ जून १९५९. तिच्या बरोबरीच्या कितीतरी जणींचा वाढदिवस १ जूनलाच येतो. जन्मतारीख घरात कुणाच्या लक्षात नसायची, शाळा जूनला उघडायची, मग मास्तर वय बसेल तशी तीच तारीख टाकून मोकळे व्हायचे. खरी तारीख विचारली की आई म्हणते, "बेंदराच्या आगंमागं कवातरी." तरी मी दरवर्षी १ जूनला काहीतरी करतेच. दादाचा फोन सकाळी येऊन गेला. त्याबद्दल आज लिहीत नाही.

कालपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. कुणाला सांगायला गेले तर म्हणतील, यात काय एवढं. म्हणून वहीत लिहितेय.

धाकटीनं हट्ट धरला म्हणून विजापूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या त्या नव्या पिझ्झाच्या ठिकाणी गेलो. तिघीच. ह्यांची सेकंड शिफ्ट होती. आई भिंतीकडच्या खुर्चीवर, तिच्या उजव्या हाताला मी, समोर धाकटी. आत शिरल्या शिरल्या आईनं नाक वर केलं आणि म्हणाली, "बाभळ हाय." खरंच, कोपऱ्यात भट्टी होती आणि तिच्या बाजूला फोडलेली लाकडं रचून ठेवली होती. तिला बरं वाटलं असावं. पदर सारखा करून ती नीट बसली.

दारातच काळ्या फळीवर खडूनं नियम लिहिले होते. धाकटीनं ते आजीला मोठ्यानं वाचून दाखवले. केचप आणि मेयोनीज मिळणार नाही, कृपया मागू नये. अर्धा हा अर्धा तो असा पिझ्झा होणार नाही. माणशी एक. कापून मिळणार नाही, टेबलावर सुरी आहे. पुन्हा गरम करून मिळणार नाही. टेबल पाऊण तासासाठी. कालचं मळलेलं पीठ संपलं की दुकान बंद. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: पार्सल नाही, उरलेल्याचंही नाही.

आई म्हणाली, "पीठ कालचं? आमच्या ज्वारीला तर एका भाकरीपुरतं मळावं लागतंय, जरा थांबलं की चिरतंय." धाकटीनं तिला सांगितलं की हा मैदा आहे, तो चिवट, रात्रभर मुरला की फुगतो. आईनं मान हलवली. चुलीपुढच्या गोष्टी तिला एकदा सांगितल्या की कळतात.

पिझ्झा आला तो ताटाच्या बाहेर लोंबत होता. साडेचारशेचा एक. आईनं किंमत विचारली नाही, पण धाकटीनं सांगितलीच, आणि आई हळूच म्हणाली, "एवढ्यात चादर येती की." मग तिनं जे केलं ते मला अजून दिसतंय. काठाचा एक फुगा होता, वर काळे डाग पडलेला. तो तिनं बोटानं दाबला आणि फोडला. आतून वाफ निघाली. कड उचलून खालची बाजू पाहिली, तव्यावरच्या भाकरीची पाहते तशी. "पापुद्रा सुटलाय," म्हणाली. तिच्या तोंडून एवढं कौतुक माझ्या स्वयंपाकाला कधी मिळालेलं नाही.

ती सावकाश खाते. वरची दाढ नाही, काठ चिवट. अर्धा पिझ्झा झाला आणि तिचं पोट भरलं. तिनं सुरी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "डबा दिव म्हणावं, सकाळच्याला खाईन."

मी त्या मुलाला बोलावलं. तो आला, हात मागं बांधून उभा राहिला. अगदी नम्र. "आजी, सॉरी, पार्सल नाही देत आम्ही. बॉक्समध्ये वाफ कोंडते, दहा मिनिटांत चामड्यासारखा होतो. मग लोक म्हणतात इथला पिझ्झा वाईट."

आई म्हणाली, "मी घरात खाणार हाय बाबा. कुणाला सांगत न्हाई."

तो हसला, पण नाही म्हणाला तो नाहीच म्हणाला. मी म्हटलं कागदात बांधून द्या. नाही. मी म्हटलं वयस्कर माणूस आहे. त्यावरही नाही. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. भिंतीवर घड्याळ, आमची दहा मिनिटं उरलेली.

आणि आईनं सुरी परत उचलली.

तिच्या घरात ताटात टाकायचं नसतं. आम्ही लहान असताना उष्टं टाकलं तर संध्याकाळी तेच ताट पुढं यायचं. का, ते आम्हाला ठाऊक होतं, ती न सांगताही. १९७२ ला ती तेरा वर्षांची होती. मंगळवेढ्याचं ते काळं रान, ज्वारीचं कोठार म्हणतात त्याला, पण त्या साली तिथं कडब्याची काडी नव्हती. दुष्काळी कामावर खडी फोडायची, दुपारी सुकडी मिळायची, आणि घरात अमेरिकेहून आलेली ती लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना फुटायची म्हणे. मालदांडी ज्वारी पिकवणाऱ्यांच्या घरात रांग लावून आणलेल्या मिलोची भाकरी! एवढं सांगून आई नेहमी थांबते. धाकट्या मामाचं काय झालं ते ती सांगत नाही, आणि आम्हीही विचारत नाही.

तर ती खायला लागली. पोट भरलेलं, तरी एकेक घास. घास पाण्याबरोबर उतरवत होती. मला ते बघवेना. लोक बघताहेत, तो मुलगा बघतोय, धाकटी मान खाली घालून बसलीय. आणि मी म्हणाले,

"राहू दे की आई. पैसे दिलेत मी."

बस. एवढंच वाक्य.

आई थांबली नाही. शेवटचा काठ खाल्ला, ताटात पडलेला कण बोटानं टिपला, पाणी प्यायली आणि कागदी रुमालाची चौकोनी घडी करून ताटाखाली ठेवली. चाळिसाव्या मिनिटाला आम्ही उठलो. रिक्षात ती सात रस्त्यापर्यंत काही बोलली नाही. रात्री एक वाजता गच्चीवर तिच्या चपलांचा आवाज येत होता. ओवा मागायलासुद्धा तिनं मला उठवलं नाही.

मला झोप लागली नाही. आधी राग त्या मुलाचा आला. वर्षातून एक दिवस मी तिला बाहेर नेते. रजा मी टाकायची, पैसे मी जमवायचे, तिची औषधं, तिचा डोळा, सगळं मी बघायचं आणि दोन फुटांच्या फळीवरच्या खडूनं सगळ्याची माती व्हायची? रात्री फोन काढून वाचत बसले. कुठंतरी असं लिहिलेलं सापडावं की हा नियम खोटा आहे.

तसं सापडलं नाही. नेपल्सला १९८४ साली त्यांची संघटना झाली. तिचे नियम इतके बारीक की पिझ्झा ३५ सेंटिमीटरपेक्षा मोठा नको, भट्टी मुळात लाकडाची आणि तापमान ४८५ अंशांच्या घरात, आत राहायचा तो जेमतेम साठ ते नव्वद सेकंद. २०१० ला युरोपीय संघानं ते नियम कायद्यात घेतले. त्यातही हेच की भट्टीतून निघाल्याबरोबर, शक्यतो जिथं केला तिथंच खावा. २०१७ ला तर युनेस्कोनं तो करणाऱ्यांच्या हातालाच वारसा म्हटलं. म्हणजे पोरगं मनाचं काही सांगत नव्हतं.

पण एक सापडलं. त्याच नेपल्समध्ये पिझ्झाची चौपदरी घडी घालून कागदात देतात आणि लोक तो रस्त्यानं चालत खातात. भाकरीत चटणी घालून घडी करून शेताला न्यायची, तसंच! मी अंथरुणात उठून बसले. वाटलं, आत्ता जावं आणि त्याला दाखवावं.

मग दोन वाजले, आणि मला कळलं की मला त्या मुलाशी भांडायचंच नव्हतं. तो नाही म्हणाला त्याचं मला एवढं लागलं नव्हतं. लागलं होतं ते माझं वाक्य. पैसे दिलेत मी. म्हणजे काय? म्हणजे तू टाकू शकतेस, तुझ्या आयुष्यभराच्या नियमाची किंमत मी भरलीय? मला असं म्हणायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं, जिवाला त्रास करून घेऊ नकोस. मग तसं का नाही म्हटलं? जिभेवर तेच वाक्य तयार कसं होतं? मी ते कुठं ऐकलंय ते मला माहीत आहे. मिल बंद पडली त्या वर्षी, काकांच्या ओसरीवर, आईला उद्देशून. मी नववीत होते. त्या दिवशी मनाशी ठरवलं होतं की असं बोलणारं माणूस मी कधी होणार नाही.

आज सकाळी उठले तर आई परातीपाशी. मी उठायच्या आत चार भाकरी झालेल्या. टोपलीत फडकं, फडक्यात भाकरी, वरून अर्धवट झाकलेली. रोजच्यासारखीच. आणि स्वतःच विषय काढला.

"त्या पोराचं बरोबर हाय. भाकर डब्यात कोंडली की घाम सुटतोच. म्हणून तर आपण फडक्यात गुंडाळतो. ठेवायची आसंल तर कडक करावी लागती, पाणी पार उडवावं लागतं. तसली म्हैनाभर ऱ्हाती. मऊ भाकरीला ते जमायचं न्हाई."

मी म्हटलं, "तुला त्याचा राग नाही आला?"

"कशाचा? त्येची भट्टी, त्यो सांगंल तसं. मी माझ्या चुलीपुढं कुणाचं ऐकती का?"

खरंच नाही ऐकत. पीठ मळताना कुणी मध्ये हात घालायचा नाही, तव्यावरची भाकरी गार होईस्तोवर कुणी फोनवर बोलायचं नाही, वहिनी नवी नवी आली तेव्हा तिला किती दिवस तवा हातात मिळाला नव्हता. आणि मी रात्रभर तिची बाजू घेऊन त्या मुलाशी मनातल्या मनात भांडले. ते दोघं एकमेकांना कळले होते. त्यानं तिचा घास अडवला नाही, आणि तिनं त्याचा नियम मोडला नाही, सगळा खाऊन उठली. मला थोडं हसूच आलं, सकाळी सकाळी, परातीशेजारी उभं राहून. हलकंही वाटलं.

"पुढल्या खेपंला उपाशीपोटी जायाचं," आई म्हणाली. म्हणजे परत जायचंय तिला.

मग मी धीर केला. ती तवा उतरवत होती. म्हटलं, "आई, काल मी पैशाचं बोलले ना, ते चुकलं माझं."

तिनं चिमट्यानं निखारा मागं ओढला. "कवा बोललीस? मला न्हाई ऐकू आलं."

तिला कमी ऐकू येतं हे खरं आहे. पण डाव्या कानानं. मी उजवीकडं बसले होते.