इचीचे कान

शोतारो इशिनोमोरी यांची 'साबू तो इची तोरिमोनो हिकाए' ही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सध्या मी देवकाकांना वाचून दाखवते आहे. काका नागपूरच्या महाल भागात आमच्या शेजारी राहतात, त्यांना जन्मापासून दिसत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करत असल्यामुळे मला आकृत्यांचं वर्णन करायची सवय आहे. पण मंगाचं पान म्हणजे सगळीच आकृती. काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "चित्रात काय हाये ते आधी सांग, बोलणं मंग."

मंगा १९६६ साली सुरू झाली, १९७२ पर्यंत चालली. काळ एदोचा, म्हणजे टोकियोला एदो म्हणत तेव्हाचा. दहा लाखांच्या आसपास वस्तीचं शहर आणि पोलीस अधिकारी मोजके. मग ते पदरचे पैसे देऊन गल्लीबोळ ठाऊक असलेली माणसं हाताशी धरत. साबू हा असल्या माणसाच्या हाताखालचा तरुण. "म्हणजे खबरी," काका म्हणाले. खबरी खराच, पण गुन्हेगाराला दोरीनं जेरबंदही करणारा.

इची त्याचा दोस्त. डोळ्यांनी अंध, मालिश करून पोट भरणारा, काठीत तलवार लपवलेली. त्या काळी जपानात अंध पुरुषांचा स्वतःचा व्यवसायसंघ होता. मालिश, सुया टोचून उपचार, वाद्यवादन ही कामं त्यातली माणसं करत. हे काकांनी मला दोनदा सांगायला लावलं. त्यांनी स्वतः आयुष्यभर सरकारी कार्यालयांच्या खुर्च्या विणल्या. "संघ होता त्याहीचा? अन् त्याची किंमत होती?" होती, असं मी म्हणाले, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

इशिनोमोरी आवाज चित्रात काढतात, हे मला वर्णन करता करताच उमगलं. एका चौकटीत पाऊस, पुढच्या चौकटीत भिजलेली वाट, मग इचीचा वळलेला चेहरा. शब्द एकही नाही. पान नुसतं चाळणाऱ्याच्या हातून हे सगळं निसटेल. ऋतूही असेच येतात, बर्फ आणि पानगळ, कथेला लागूनच.

१९६८-६९ मध्ये त्यावर ५२ भागांची कृष्णधवल ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका आली. रिंतारो तिच्या दिग्दर्शकांपैकी एक. एक भाग काकांना ऐकवायचा म्हणून मे महिन्यातल्या भर दुपारी आम्ही कूलर बंद केला. नागपुरात हे करायला कारण तसंच लागतं. जपानी कळत नसताना काका शांततेच्या जागा अचूक ओळखत होते. "आता तो ऐकून राह्यला," असं ते म्हणाले, तेव्हा पडद्यावर खरंच इची थबकलेला होता. पुढे माणसं घेऊनही टीव्हीवर ही कथा झाली. त्याकडे आम्ही मंगा संपल्यावर वळू.

तलवारीवरून मात्र आमचं जुंपतं. १९६२ च्या चित्रपटापासून झातोइची हा अंध तलवारबाज जपानी पडद्यावर गाजतच होता. काकांचं म्हणणं, "आंधळा दाखवायचा म्हटला का एक तं बिचारा, नाही तं जादूगार. साधा माणूस काहून नाही दाखवत?" मला ते पटतं, पण पूर्ण नाही. मारामारीची पानं थरारक आहेत, आणि इशिनोमोरी ती फार देखणी रंगवतात. तरी इची मला सर्वात खरा वाटतो तो कुणाच्या तरी खांद्यावर बोटं फिरवताना, त्या माणसानं काय दडवलंय ते स्नायूंवरून ताडताना. काका तीच पानं पुन्हा वाचायला सांगतात.