दोन ठिकाणी ऐकू येणारा ट्रान्समीटर

आमच्या हौशी रेडिओ क्लबने कमी शक्तीच्या, घरी बनवलेल्या उपकरणांचा मेळावा जाहीर केला, तेव्हा सूचनेच्या शेवटी एक वाक्य होते : ‘संच चालत नसेल तरी घेऊन या.’ माझा संच चालत होता, अशी माझी समजूत होती. त्यामुळे ते वाक्य इतरांसाठी आहे असे धरून मी निर्धास्त होतो.

परवाना मिळाल्यापासून दोन वर्षे मी तयार संचावर १०० वॅटने बोलत होतो. क्यूआरपीकडे मी वळलो तो हिशेबामुळे. रेडिओवरच्या लघुसंदेशांच्या क्यू-संकेतांत ‘क्यूआरपी’ म्हणजे शक्ती कमी करा, आणि प्रचलित व्याख्येनुसार मोर्ससाठी ५ वॅटपर्यंतचे आणि एकपट्टी ध्वनीसाठी (एसएसबी) शिखरावर १० वॅटपर्यंतचे प्रक्षेपण क्यूआरपी मानले जाते. १०० वॅटवरून ५ वॅटवर आल्यास फरक पडतो १३ डेसिबलचा. रिसीव्हरच्या मीटरवरचा एक एस-अंक ६ डेसिबलचा धरला, तर समोरच्याच्या मीटरचा काटा दोन अंकांहून थोडासाच अधिक खाली येतो. शक्ती विसाव्या हिश्शावर आली तरी ऐकणाऱ्याचे नुकसान इतके थोडे असते, हे कागदावर मांडून पाहिल्यावर स्वतः काहीतरी बनवण्याचा धीर आला.

मी निवडलेला ट्रान्समीटर अगदी साधा होता : ७.०३० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालणारा ऑसिलेटर, मधला एक टप्पा, शेवटी पॉवर ट्रान्झिस्टर आणि त्यापुढे लो-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक मर्यादेवरच्या वारंवारता अडवणारी गाळणी. छापील बोर्ड बनवण्याच्या फंदात न पडता मी तांब्याचा थर असलेल्या कोऱ्या बोर्डावर त्याच बोर्डाचे नखाएवढे तुकडे चिकटवले आणि त्यांवर डाग देत सर्किट उभे केले. फिल्टरची मूल्ये एड वेदरहोल्ड यांच्या प्रसिद्ध रचनेतून घेतली, कारण तिच्यात बाजारात सहज मिळणाऱ्या मूल्यांचेच कपॅसिटर लागतात. ४० मीटर पट्ट्यासाठी, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, दोन टोकांना २७० पिकोफॅरडचे, मध्ये ६८० पिकोफॅरडचे दोन आणि त्यांच्या दरम्यान तीन कॉइल, अशी ती मांडणी होती. कॉइल टी-३७-६ या पिवळ्या टोरॉइडवर (कड्यासारख्या गाभ्यावर) गुंडाळायच्या होत्या, कडेच्या दोन २१ वेढ्यांच्या आणि मधली २४ वेढ्यांची. तार छिद्रातून एकदा गेली की एक वेढा, हा नियम सोपा असला तरी बोटाच्या पेरात मावणाऱ्या कड्यावर तेवीस झाले की चोवीस, हे भिंगातून तीनदा मोजावे लागते. वेढ्यांच्या बाबतीत मी इतका दक्ष राहिलो की कपॅसिटरांकडे पाहायला दक्षता उरलीच नाही.

शक्ती मोजण्यासाठी एक किलोओहमचे, अर्ध्या वॅटचे वीस रेझिस्टर समांतर जोडून ५० ओहमचा, १० वॅट सोसणारा डमी लोड (अँटेनेच्या जागी जोडायचा खोटा भार) बनवला आणि त्यावर एक डायोड व एक कपॅसिटर लावून शिखर-व्होल्टेज मोजले. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर ५० ओहममध्ये मिळू शकणारी शक्ती म्हणजे पुरवठ्याचा वर्ग भागिले रोधाची दुप्पट, अर्थात १४४ भागिले १००, सुमारे १.४ वॅट. मला मीटरवर ७.१ व्होल्ट दिसले. डायोडमध्ये जाणारे ०.६ व्होल्ट त्यात मिळवून हिशेब केला तर ०.६ वॅट भरत होते. निम्म्याहून कमी! त्याच वेळी थांबून कारण शोधायला हवे होते. मी मात्र ट्रान्झिस्टर जरा कमी दमाचा असेल अशी समजूत काढली आणि वहीत ‘अर्धा वॅट, समाधानकारक’ असे लिहून टाकले. आज ती नोंद वाचताना संकोच वाटतो.

मेळाव्याच्या ठिकाणी टेबले मांडली होती आणि दोन झाडांमधून द्विध्रुवी अँटेना ताणल्या होत्या. ४० मीटरच्या अँटेनेची प्रत्येक बाजू दहा मीटरहून थोडी लांब असते, त्यामुळे दोरी फांदीवरून टाकण्यातच बराच वेळ गेला. शेजारच्या टेबलावर हौशी रेडिओचालक अशहर फरहान यांच्या घरी बनवता येणाऱ्या बिटएक्स संचाच्या रचनेवरून बनवलेला संच होता. मूळ रचनेत सुचवल्याप्रमाणे त्यातल्या कॉइल नळाच्या वॉशरवर गुंडाळलेल्या होत्या, आणि बनवणारे गृहस्थ ते सर्वांना अभिमानाने दाखवत होते. कुणाच्या संचाचे खोके चकचकीत होते, तर कुणाच्या संचाला खोकेच नव्हते.

माझी पाळी आली. मी मोर्स-की जोडली आणि ‘सीक्यू’, म्हणजे कुणालाही उद्देशून हाक, पाठवायला सुरुवात केली : डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा. उत्तर आले नाही. तिसऱ्या हाकेनंतर पलीकडच्या टेबलावरच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी कानावरचा हेडफोन अर्धा सरकवला आणि विचारले, “सात-शून्य-तीसवर तुम्हीच आहात ना?”

“हो.”

“मग चौदा-शून्य-साठवरही तुम्हीच आहात.”

७.०३० ची दुप्पट १४.०६० होते, आणि २० मीटर पट्ट्यावर क्यूआरपीवाले एकमेकांना हाका मारतात ती वारंवारता नेमकी हीच आहे. म्हणजे माझा दुसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या दुपटीवर उमटणारा नको असलेला संकेत), जिथे सर्वांत नाजूक कान लावून लोक बसलेले असतात, तिथेच जाऊन आदळत होता.

मी बचावाचा पवित्रा घेतला. आपण इतके जवळ बसलो आहोत, तेव्हा माझ्या मूळ संकेताच्या जोराने तुमचा रिसीव्हरच भांबावला असेल आणि तो हार्मोनिक तुमच्याच संचात तयार होत असेल, असे मी म्हणालो. ही शंका शास्त्राला धरून आहे, असे त्यांनीही मान्य केले. पण वाद न घालता त्यांनी संकेत क्षीण करणारा ६ डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर काढून आपल्या अँटेनेच्या वाटेत लावला आणि मला पुन्हा की दाबायला सांगितले. दुसरा हार्मोनिक रिसीव्हरच्या आत तयार होत असेल, तर येणारा संकेत ६ डेसिबलने घटवल्यावर तो दुप्पट, म्हणजे १२ डेसिबलने पडतो. बाहेरून येत असेल तर फक्त ६ ने. त्यांच्या मीटरचा काटा बरोबर एक एस-अंक खाली आला, दोन नव्हे. दोष माझा होता. इतक्या सोप्या कसोटीने इतका स्वच्छ निकाल लागलेला मी यापूर्वी पाहिला नव्हता.

दुसऱ्या एका सदस्याने हातात मावणारा स्पेक्ट्रम विश्लेषक, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती जोर आहे ते पडद्यावर दाखवणारे उपकरण, आणला होता. आधी मोठा अ‍ॅटेन्युएटर, मग विश्लेषक, ही खबरदारी त्याने मला दोनदा बजावली, कारण अर्ध्या वॅटचा संकेत थेट सोडला तर त्या नाजूक उपकरणाचे प्रवेशद्वार जळून जाते. पडद्यावर दोन सुळके दिसले. दुसरा पहिल्यापेक्षा जेमतेम ३० डेसिबल खाली होता, तर तो किमान ४३ डेसिबल तरी खाली असावा अशी आमची अपेक्षा होती. ३० डेसिबल म्हणजे हजारावा भाग, माझ्या बाबतीत ०.६ मिलीवॅट. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण मिलीवॅटवर संपर्क साधल्याच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्या मंडळींमध्ये बसून मला तसे म्हणण्याची सोय नव्हती. शिवाय शक्ती कमी असली म्हणून परवान्याच्या अटी सैल होत नाहीत.

त्यानंतर फिल्टर तपासण्याचे काम सुरू झाले. वेढे पुन्हा मोजले, बरोबर भरले. डाग पक्के होते, जमिनीचे सांधे नीट होते. मग त्या ज्येष्ठांनी भिंग माझ्या हाती दिले आणि कपॅसिटरांवरचे आकडे मोठ्याने वाचायला सांगितले. “दोनशे एकाहत्तर,” मी वाचले. “सहाशे ऐंशी. सहाशे एक्क्याऐंशी...” आणि वाचता वाचता थांबलो.

या कपॅसिटरांवरचा तिसरा आकडा पुढे किती शून्ये द्यायची ते सांगतो. ६८१ म्हणजे ६८ वर एक शून्य, म्हणजेच ६८० पिकोफॅरड. आणि ज्यावर ६८० छापलेले असते तो असतो अवघा ६८ पिकोफॅरडचा. माझ्या फिल्टरमधला ट्रान्समीटरच्या बाजूचा मधला कपॅसिटर हवा त्याच्या एकदशांश होता. त्यामुळे फिल्टर हार्मोनिक नीट अडवत नव्हता आणि मूळ वारंवारतेलाही ट्रान्झिस्टरपुढे ५० ओहमऐवजी भलताच भार उभा करत होता. अर्ध्या वॅटचे कोडेही तिथेच सुटले. दमाचा प्रश्न ट्रान्झिस्टरचा नव्हताच.

सोल्डरिंग आयर्न एकाकडून आणि ६८१ दुसऱ्याकडून मिळाला. नवा कपॅसिटर बसवायला पाच मिनिटेही लागली नाहीत. डमी लोडवर आता ११.३ व्होल्ट आले, म्हणजे सुमारे १.४ वॅट, आणि विश्लेषकावर दुसरा सुळका ४६ डेसिबल खाली गेला. त्या ज्येष्ठांनी १४.०६० वर कान लावला, शेजारी बसूनही जेमतेम कुजबुज ऐकू येते असे सांगितले आणि समाधानाने आपल्या कामाला लागले.

दुपारी उशिरा माझ्या सहाव्या हाकेला उत्तर आले. संकेत लाटेसारखा वरखाली होत होता, त्यामुळे मला नाव दोनदा विचारावे लागले. संकेत कसा ऐकू येतो ते सांगणाऱ्या अहवालात त्यांनी मला ५४९ दिले, मी त्यांना ५७९ दिले; मधला आकडा संकेताच्या जोराचा. मी ‘१.४ वॅट, घरी बनवलेला’ असे पाठवल्यावर पलीकडून क्षणभर काहीच आले नाही, आणि मग हळू, सुट्या अक्षरांत ‘फाइन’ असा शब्द आला. एकूण सहा मिनिटांचा संपर्क झाला. हात इतका घामेजला होता की मोर्स-की बोटांखालून सरकत होती.

घरी आल्यावर सुट्या भागांचा खण उघडला. त्यावर मीच कधीतरी ‘६८०’ अशी चिठ्ठी लावली होती, मूल्य म्हणून. पुढे छापील ६८० पाहून ६८ पिकोफॅरडचे कपॅसिटरही मीच त्यात टाकत गेलो असणार. खणात अकरा निघाले, त्यांतले चार ६८० छापाचे. याच खणातून काढलेले दोन मी गेल्या वर्षी एका मित्राच्या ट्रान्समीटरमध्ये बसवून दिले होते. त्याला निरोप धाडला आहे, आणि या आठवड्यात भिंग घेऊन त्याच्याकडे जायचे ठरले आहे.